‘कुंपणी’ आणि ‘मर्यादित’ : थळघाटाच्या रेल्वेकंपनीची लंडनमधील स्थापना

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातून वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा असा जाणारा लोहमार्ग हा भारतातील आद्य लोहमार्गांपैकी एक होय. तो ज्या कंपनीने घातला तिचे नाव ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ असे होते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु ही कंपनी मुंबईत स्थापन न होता लंडनमध्ये का स्थापन झाली, आणि रेल्वेचा प्रथम पाठपुरावा करणाऱ्या मुंबईच्या धनिकांना परदेशी कंपनीत सामील होण्यावाचून गत्यंतर का उरले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारला गेलाच, तर एतद्देशीयांपाशी भांडवल नव्हते, असे उत्तर देण्याचा प्रघात आहे. ते उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे आहे. मुंबईत पैसा होता; पैसा एकत्र करून त्याची जोखीम बांधून घेण्याचे कायदेशीर साधन मात्र त्या काळी मुंबईत नव्हते.

या साधनाला मराठीत आज ‘मर्यादित’ हे विशेषण आहे. कंपनीच्या नावापुढे ‘लि.’ किंवा ‘मर्यादित’ असे लिहिण्याची रीत इतकी रुळली आहे की, मर्यादा कशाची, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. ती मर्यादा भागधारकाच्या दायित्वाची असते. त्याने घेतलेल्या भागाची रक्कम भरली की त्याचे देणे संपले. कंपनी बुडाली तरी धनकोला त्याच्या घरादाराला हात लावता येत नाही. आपल्याकडील पेढीचा व्यवहार याच्या नेमका उलट होता. पेढी म्हणजे माणूस, आणि माणसाची पत म्हणजेच पेढीची पत. पेढीचे दिवाळे वाजले की भागीदाराची वाडी, दागदागिने, प्रसंगी पुढच्या पिढीची अब्रूही त्यात जाई. हुंडीवर चालणाऱ्या व्यापाराला ही रीत पुरेशी होती, किंबहुना तीच त्याचे बळ होती. पण डोंगर फोडून लोहमार्ग घालावयाचा, त्याचा नफा दहा वर्षांनी दिसावयाचा, आणि तोवर शेकडो अनोळखी माणसांनी एकमेकांच्या कर्जाला जामीन राहावयाचे, हे पेढीच्या चौकटीत बसण्यासारखे नव्हते.

समूहाला व्यक्तीप्रमाणे वागविण्याची कल्पना या प्रदेशाला सर्वस्वी अपरिचित होती असे मात्र नाही. थळघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची ठेव ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेविली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. ठेवणारा आणि घेणारे मरून गेले तरी श्रेणी राहील, या विश्वासावर तो व्यवहार उभा आहे. त्याच काळातील कल्याण-जुन्नर व्यापाराचा मार्ग मुरबाड तालुक्यातील नाणेघाटातून जात असे. श्रेणी अमर होती, एवढे या लेखावरून म्हणता येते. तिच्या सभासदांचे दायित्व मर्यादित होते असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही.

‘कंपनी’ हा शब्द मराठीत आला तो राज्यकर्त्याचे नाव म्हणून, व्यापारी संस्थेचे नाव म्हणून नव्हे. जुन्या मराठीत त्याचे रूप ‘कुंपणी’ असे आढळते. ‘कुंपण’ या शब्दाशी त्याचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. केवळ ध्वनिसाम्याने परकीय शब्द ओळखीच्या साच्यात बसला, इतकेच. तथापि कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण ज्या भाषेत आहे, तीत हे साम्य ऐकणाऱ्याच्या कानाआड गेले असेल असे वाटत नाही. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठी माणसाला ‘कंपनी’ म्हणजे सरकार हे ठाऊक होते. चार माणसांनी मिळून काढावयाची ती कंपनी, हा अर्थ अजून भाषेत रुजावयाचा होता.

तो अर्थ रुजविण्याची खटपट ज्यांनी केली त्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. दैवज्ञ समाजातील या धनाढ्य घराण्याचा व्यवहार मुंबईत होता, आणि नानांची कारकीर्दही तेथेच घडली. लोहमार्गाची कल्पना मुंबईत १८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क या अभियंत्याने मांडली. १८४५ साली नानांनी सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह रेल्वेसाठी एक मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन चॅपमन या उद्योजकाच्या पुढाकाराने दुसरी हालचाल सुरू झाली होती. चॅपमन स्वतः मुंबईस आला, घाटांची पाहणी करून परतला आणि लंडनमध्ये बसून कंपनी उभी करण्याच्या उद्योगास लागला. पुढे मुंबईचे मंडळ लंडनच्या कंपनीत विलीन झाले. कंपनीच्या संचालकांत नाना आणि जमशेटजी ही दोन भारतीय नावे आली.

या विलीनीकरणाकडे पुष्कळदा औदार्य किंवा दूरदृष्टी म्हणून पाहिले जाते. तत्कालीन कायद्याकडे पाहिले असता त्यात निवडीला फारसा वाव नव्हता असेच दिसते. इंग्लंडात १८४४ च्या कायद्याने कंपनीची नोंदणी सुलभ झाली, पण भागधारकांचे दायित्व अमर्यादच राहिले. मर्यादित दायित्व केवळ नोंदणीने मिळू लागले ते १८५५ च्या कायद्याने, आणि १८५६ च्या कायद्याने ते अधिक सोपे झाले. तत्पूर्वी ते हवे असेल तर राजाची सनद किंवा पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा मिळवावा लागे. हिंदुस्थानात १८५० च्या ४३ व्या कायद्याने नोंदणी आली, मर्यादित दायित्व १८५७ च्या १९ व्या कायद्याने आले, आणि पेढ्यांना म्हणजे बँकांना ते १८६० पर्यंत मिळाले नाही. म्हणजे १८४५ साली मुंबईत बसून मर्यादित दायित्वाची रेल्वेकंपनी काढणे हे साधे नोंदणीचे काम नव्हते. पार्लमेंट लंडनमध्ये होते, ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक लंडनमध्ये होते, आणि या दोघांच्या दारी खेटे घालू शकेल अशी समितीही लंडनमध्येच असावयास हवी होती. दादाभाई नवरोजी १८५५ साली कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले, तेव्हा तेथे भारतीयांची पेढी प्रथमच उघडली गेली. पण तीही भागीदारीची पेढी होती, दायित्व मर्यादित करणारी कंपनी नव्हे.

१ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी अस्तित्वात आली. त्याच महिन्यात तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीशी केलेला हा करार वस्तुतः व्यापाऱ्याने राज्यकर्त्याशी केलेला होता. त्याच्या अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. जमीन सरकारने विनामूल्य द्यावयाची, ९९ वर्षांच्या पट्ट्याने. भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारची. नफा त्याहून कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरावयाची. कंपनीला काम नकोसे झाले तर सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या हवाली करावयाचा आणि लावलेले भांडवल परत घ्यावयाचे. आणि हिशेबासाठी रुपयाचा दर एक शिलिंग दहा पेन्स असा कायमचा ठरविलेला.

‘मर्यादित’ या शब्दाचा अर्थ येथे बदलला. भागधारकाचे दायित्व भागापुरते मर्यादित असते, याचा साधा अर्थ असा की भाग बुडाला तर भागापुरते नुकसान त्याने सोसावे. या करारात तेवढेही नुकसान त्याच्या वाट्यास येण्याची शक्यता उरली नाही. त्याची जोखीम नाहीशी झाली, पण जोखीम अशी नाहीशी होत नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर जाते. येथे ती सरकारी तिजोरीवर गेली, आणि त्या काळी तिजोरीचा मुख्य आधार जमीनमहसूल असल्यामुळे अखेर रयतेवर गेली. त्या काळी कोळवण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहापूर तालुक्यातील आणि शेजारच्या मुरबाडातील वरकस जमिनीच्या शेतकऱ्याने लंडनच्या भागधारकाचे व्याज कधी कबूल केले नव्हते. त्याचे दायित्व कोणत्याही कायद्याने मर्यादित केलेले नव्हते. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी पुढे १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना हेच दुखणे सांगितले : शेकडा पाचाची हमी असल्यावर आपले पैसे हुगळीत गेले काय आणि विटाचुन्यात गेले काय, धनिकाला त्याचे सुखदुःख नव्हते. १८६८ च्या सुमारास हमीच्या रेल्वेकंपन्यांच्या भागधारकांत भारतीयांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपासही जेमतेम होते. म्हणजे ज्यांचे दायित्व होते त्यांची मालकी नव्हती.

विनिमयाची अट तर काळाबरोबर अधिकच बोचरी झाली. करार झाला तेव्हा एक शिलिंग दहा पेन्स हा दर व्यवहारास धरून होता. १८७० नंतर चांदीचा भाव घसरत गेला. १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या, आणि शतकाच्या अखेरीस रुपया एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. करारातील रुपया मात्र एक शिलिंग दहा पेन्सचाच राहिला. दोन्ही दरांतील फरक सरकारला सोसावा लागला.

मार्गाच्या निवडीत मुरबाडचा संबंध पुन्हा येतो. प्रारंभीच्या आराखड्यांत कल्याणहून माळशेज घाटाकडे जाण्याचा विचार होता, म्हणजे लोहमार्ग मुरबाड तालुक्यातून गेला असता. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने केलेल्या मोजणीनंतर माळशेज मागे पडला आणि थळ व भोर हे दोन घाट ठरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणास, १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदास, ६ फेब्रुवारी १८६० रोजी आसनगावास आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यास पोहोचला. पुढचा घाट नऊ मैलांहून थोडा अधिक, चढ ९७२ फुटांचा, बोगदे १३ आणि चढाची तीव्रता सदतिसास एक. तेवढ्यासाठी आणखी चार वर्षे लागली. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा-इगतपुरी मार्ग खुला झाला. थळने शहापूरला पाच स्थानके दिली. मुरबाडला, जेथे या उद्योगाच्या एका प्रवर्तकाचा जन्म झाला, अद्यापि रेल्वेस्थानक नाही.

१८६५ हे वर्ष दुसऱ्याही कारणाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तोवर मर्यादित दायित्वाचा कायदा मुंबईत आला होता, आणि अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा शहरात ओतला जात होता. बॅक बे भरावाच्या कंपनीचे भाग दर्शनी किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. नवनव्या बँका आणि कंपन्या निघाल्या. वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरली आणि हा सारा डोलारा कोसळला. नानांचे निधन त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै रोजी झाले. वीस वर्षांपूर्वी जे साधन नसल्यामुळे त्यांना लंडनची वाट धरावी लागली, ते आता घरच्या घरी मिळत होते, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग सट्ट्यासाठी झाला. यावरून एतद्देशीय कंपनी काढण्यास नालायक होते असे अनुमान त्या काळी काहींनी काढले. ते पटण्यासारखे नाही. लंडननेही १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा असाच फुगा फुटलेला पाहिला होता.

कंपनीचे घर कोणते, हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांनी पुढे सोडविला. १९०६ च्या डी बीअर्स खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले की, कंपनी खरोखर जेथून चालविली जाते तेथेच ती राहते. खाणी दक्षिण आफ्रिकेत असल्या तरी चालविणारे संचालक लंडनमध्ये, म्हणून कंपनी लंडनची. या कसोटीने थळघाटाची रेल्वेकंपनीही लंडनचीच रहिवासी ठरली असती, जरी तिचा एकही रूळ इंग्लंडात नव्हता. आज हीच कसोटी भारताने उलट बाजूने स्वीकारली आहे. २०१७ पासून, परदेशात नोंदलेल्या कंपनीचे खरे व्यवस्थापन भारतातून चालत असेल तर प्राप्तिकराच्या दृष्टीने ती भारतात निवासी मानली जाते. शहापूर किंवा मुरबाड येथील एखाद्या उद्योजकास लंडनमध्ये मर्यादित कंपनी नोंदविण्यासाठी आता पार्लमेंटचा कायदा लागत नाही, तेथे राहावेही लागत नाही. तेथील नोंदणीकृत पत्ता मात्र लागतो, आणि भारतीय परकीय चलन कायद्याखालील २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात. परंतु घरी बसून चालविलेली कंपनी घरचीच, हे तत्त्व त्यासही लागू होऊ शकते. ‘अनिवासी’ हा शब्द माणसास लावावयाचा की कंपनीस, हे मराठीत बोलताना अनेकदा संदिग्ध राहते, आणि कर भरण्याच्या वेळी ही संदिग्धता महाग पडते.

थळघाटाच्या कंपनीचा मार्ग सरकारने १९०० साली विकत घेतला. किंमत एकरकमी न देता वार्षिक हप्त्यांनी द्यावयाचे ठरले, आणि मूळ कराराच्या ९९ वर्षांचा हिशेब धरून ते हप्ते १९४८ पर्यंत चालावयाचे होते. मार्ग चालविण्याचे काम कंपनीकडेच राहिले. ते १९२५ साली सरकारने आपल्या हाती घेतले, आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी हा मार्ग मध्य रेल्वेत समाविष्ट झाला. कंपनीचे नाव बोलण्यात मात्र ‘जी. आय. पी.’ असे बरीच वर्षे टिकून होते; त्या तीन अक्षरांत ‘मर्यादित’ हा शब्द कोठेच नव्हता.