'रेझिलियन्स' नेमका कुणाचा? रेडफर्नच्या दवाखान्यापासून कोविडपर्यंत

आरोग्यावरचे पेपर वाचायला लागलात की 'रेझिलियन्स' हा शब्द पानोपानी भेटेल. साध्या मराठीत, संकटात तग धरण्याची ताकद. बऱ्याचदा ती माणसाच्या स्वभावात शोधतात आणि प्रश्नावलीने मोजतात. पण ती संस्थांमध्ये आणि त्यांच्या आपसातल्या संबंधांतही असते. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींच्या आरोग्याचा इतिहास पाहिला की हे पटकन लक्षात येतं.

1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात 'ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस' सुरू झाली. इतर दवाखान्यांत भेदभाव आणि अपमान वाट्याला यायचा, म्हणून लोकांनी एका दुकानाच्या गाळ्यात स्वतःचा दवाखाना थाटला. नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्यासारखे गोरे डॉक्टर मदतीला होते, पण कारभार मूलनिवासी समाजाच्याच हातात होता. 1973 मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये तसाच दवाखाना निघाला. मग ठिकठिकाणी असे दवाखाने उभे राहिले, एकमेकांशी जोडले गेले. त्यातून घडलेली राष्ट्रीय संघटना 1992 पासून 'नॅचो' या नावाने काम करते.

डॉक्टर-नर्सेसचं जाळं यायला मात्र वेळ लागला. हेलन मिलरॉय या पहिल्या ॲबोरिजिनल डॉक्टर मानल्या जातात. त्यांची पदवी 1983 ची. वर्गात, वॉर्डात आपल्या समाजाचं दुसरं कुणीच नाही, अशा स्थितीत शिकणाऱ्याला 'तू खंबीर हो' एवढं सांगून भागत नाही. 1997 मध्ये मूलनिवासी नर्सेसची आणि 1998 मध्ये डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना आली. नव्या विद्यार्थ्यांना आधार देणं आणि अभ्यासक्रम बदलायला लावणं, ही दोन्ही कामं या संघटनांनी अंगावर घेतली.

आता दोन साथींची तुलना करा. 2009 च्या स्वाइन फ्लूत मूलनिवासींना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. मार्च 2020 मध्ये कोविडसाठी जो सल्लागार गट बसला, त्याचं अध्यक्षपद मात्र नॅचो आणि केंद्रीय आरोग्य खात्याकडे मिळून होतं. दुर्गम वस्त्यांमधली ये-जा लवकर थांबवली गेली, माहिती लोकांच्या भाषेत पोचली. 2020 हे पूर्ण वर्ष त्या समाजात कोविडने एकही मृत्यू झाला नाही.

पण गोष्ट इथेच संपवू नका. ऑगस्ट 2021 मध्ये डेल्टाची लाट न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात शिरली. विल्कॅनियासारख्या छोट्या गावात एकेका घरात खूप माणसं राहतात, मग बाधितांना वेगळं ठेवायचं कुठे? लसीकरणही मागे पडलेलं. पहिला मृत्यू याच लाटेत, डब्बोमध्ये नोंदला गेला. घरं आणि लसपुरवठा या गोष्टी जाळ्याच्या हातात नव्हत्या.

तेव्हा या विषयावर प्रपोजल लिहिणार असाल, तर 'हे लोक किती खंबीर आहेत?' एवढाच प्रश्न ठेवू नका. जाळं कधी उभं राहिलं, निर्णय कुणाकडे होते, पैसा कुठून यायचा आणि काय त्यांच्या आवाक्याबाहेर होतं, हे चार रकाने आधी आखा. मुलाखतीची प्रश्नावली त्यानंतर करा. नाहीतर सरकारने न बांधलेल्या घरांचा हिशोबही तुम्ही लोकांच्या खंबीरपणाच्याच खात्यात मांडाल.