शस्त्रवैद्याची ‘योग्या’

विद्या ग्रंथांतून मिळते. हात मात्र सरावानेंच तयार होतो. सुतार-सोनारांना ही गोष्ट शिकवावी लागत नाहीं. परंतु शस्त्रवैद्याची पहिली चूक लाकडावर अगर सोन्यावर उमटत नाहीं, ती माणसाच्या देहावर उमटते. तेव्हां त्यानें हात बसवावा कशावर?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय याच प्रश्नाला वाहिलेला आहे. सरावाला तेथें ‘योग्या’ असा शब्द आहे. शास्त्र कितीहि पढलेला असला, तरी ज्यानें योग्या केली नाहीं तो कर्माला अयोग्य, असें ग्रंथकार बजावतो व लागणारें साहित्यहि सांगतो. छेद घेण्यास भोपळा, कलिंगड, काकडी. भेदण्यास पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्या. शीर विंधण्यास मेलेल्या जनावरांच्या शिरा व कमळाचे देठ. सळई घालून वाट शोधण्यास किडीनें पोखरलेलें लाकूड. शिवण्यास जाड व तलम वस्त्रांचे कांठ. यांत महाग असें कांहींच नाहीं. परंतु प्रत्येक वस्तु नेमक्या कर्मासाठीं निवडलेली आहे.

युरोपांत हाच धडा निराळ्या वाटेनें मिळाला. १८९४ सालीं फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांच्यावर लियाँ शहरांत खंजिराचा वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर जखमी झाली. ती शिवण्याची कला त्या वेळीं वैद्यांच्या हातीं नव्हती, आणि ते दगावले. त्याच शहरांतील तरुण वैद्य अलेक्सी कारेल पुढें भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे सुईकाम शिकला. १९०२ सालीं त्यानें रक्तवाहिन्या जोडण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

१९६० सालीं अमेरिकेंत जेकबसन व सुआरेझ यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक रक्तवाहिन्या शिवून दाखविल्या. १९६५ सालीं जपानांत नारा येथें कोमात्सु व तामाई यांनीं पूर्ण तुटलेला अंगठा पुन्हां जोडला. येथें धागा केसाहूनहि बारीक, आणि हाताचा कंप भिंगांतून मोठा होऊन दिसणारा! असा हात बसविण्यासाठीं जिवंत उंदीर वापरण्याची रीत पडली. पण त्यांची निगा व भूल खर्चाची.

म्हणून आतां पुष्कळ ठिकाणीं पहिले टांके रबरी हातमोज्याच्या ताणलेल्या तुकड्यावर घालतात. पुढें बाजारांतून आणलेल्या कोंबडीच्या मांडींतील बारीक धमनी कापून जोडतात. जोडांतून रंगीत पाणी सोडलें कीं गळती उघड होते. धमनी उभी चिरली कीं मागची भिंत टांक्यांत अडकली काय, तें दिसतें. शिष्याची चूक त्यालाच दाखविते, तीच वस्तु सरावाला योग्य. तिची किंमत गौण होय.

मेलेल्या धमनींत रक्त वाहत नाहीं व गोठतहि नाहीं. म्हणून गुरूच्या देखरेखीखालील पुढचा अभ्यास टळत नाहीं. सुश्रुताजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, हें खरें. पण अभिमान बाळगावयाचा तर तो त्याच्या नियमाचा बाळगावा. रोग्याचा देह ही वैद्याची धूळपाटी नव्हे. आणि धूळपाटीला पैसा फारसा लागत नाहीं, म्हणून कोणत्याहि गरीब विद्यालयाला ती न देण्याची सबब उरत नाहीं.