ॲव्हरेज किती, पिकअप कसा? आणि कोणीच न विचारलेला तिसरा प्रश्न

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या उजव्या मनगटापासून करतो.

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेलेला. मित्राची जुनी १०० सीसीची बाईक घेऊन मी हिंजवडीहून वारज्याला परत येत होतो. भूमकर चौकाच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला. मी पण मारला. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि तिच्यासोबत मीही. वेग जेमतेम तीस-पस्तीसचा होता म्हणून मनगटावर निभावलं. पुढचे तीन आठवडे डाव्या हाताने कोड टाइप केला.

बरा झाल्यावर ठरवलं, आता स्वतःची गाडी घ्यायची. रोज जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर ऑफिस, शनिवारी-रविवारी कधी ताम्हिणी, कधी घरी कराडला. गाडी लहानच हवी, पण दोन्ही कामं करणारी हवी. घरी फोन केला. बाबांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" मागून काकांचा आवाज आला, "ते जाऊ दे, पिकअप कसा आहे विचार!"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी पडलो म्हणून गाडी घेतोय आणि "ब्रेक कसे आहेत?" हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. खरं सांगायचं तर तोपर्यंत मीसुद्धा विचारलं नव्हतं. असं का होतं? याचं उत्तर शोधत शोधत मी १९८५ पर्यंत गेलो. चला, तुम्हालाही नेतो.

त्याआधीची परिस्थिती बघा. आमच्या आजोबांनी चेतकसाठी नंबर लावला होता. १९७२ मध्ये आकुर्डीहून निघालेली बजाजची ही स्कूटर. तेव्हा कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे मागणी ढीगभर आणि गाड्या मोजक्या. लोक वर्षानुवर्षं थांबायचे. नंबर आलेला माणूस गाडी न वापरता वरचे पैसे घेऊन विकायचा, त्याला "ऑन" म्हणायचे. आजोबांचा नंबर आला तेव्हा आत्याचं लग्न ठरलं होतं. त्यांनी तो नंबर विकला आणि आयुष्यभर सायकल चालवली.

मोटारसायकल म्हटलं तर तीन नावं: बुलेट, राजदूत आणि येझदी. बुलेट ३५० सीसी. राजदूत १७५ सीसी, मूळ डिझाइन पोलंडचं, इथे बनवायची एस्कॉर्ट्स कंपनी. येझदी म्हैसूरची, मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची. तिन्ही दणकट, पण तिन्ही जुन्या. शोरूममध्ये जाऊन चार गाड्या बघून "ही आवडली, ही द्या" म्हणण्याचा प्रकारच नव्हता.

मग १९७३ आणि १९७९ असे तेलाच्या किमतीचे दोन धक्के बसले. पेट्रोल महाग झालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दुचाकीसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारी करायला दार किलकिलं केलं. पण अट घातली: इंजिन १०० सीसीपर्यंतच.

ही रेष लक्षात ठेवा. आपल्या पुढच्या सगळ्या गोष्टीत ती आहे.

जपानच्या चार कंपन्या या दारातून आत आल्या. १९८४ मध्ये टीव्हीएससोबत सुझुकी, गाडी एएक्स १००. १९८५ मध्ये हिरोसोबत होंडा, गाडी सीडी १००. त्याच वर्षी एस्कॉर्ट्ससोबत यामाहा, गाडी आरएक्स १००. आणि १९८६ मध्ये आपल्या बजाजसोबत कावासाकी, गाडी केबी १००. चौघींच्या नावात शंभर. हा योगायोग नव्हता, कागदावरची रेष होती.

आता मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. आरएक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ५० मिलिमीटर. सीडी १०० चा व्यास ५० मिलिमीटर, प्रवास ४९.५. म्हणजे पिस्टनच्या रुंदीत फरक शून्य आणि प्रवासात अर्धा मिलिमीटर! हिशोब केला तर एक येते ९८ सीसीच्या जरा वर आणि दुसरी ९७.२. इतकी सारखी मापं, पण गाड्या म्हणजे दोन ध्रुव. आरएक्सची ताकद ११ हॉर्सपॉवर, सीडीची साडेसातच्या आसपास.

असं कसं? आरएक्स टू-स्ट्रोक. क्रँक एकदा फिरला की एकदा स्फोट. सीडी फोर-स्ट्रोक, तिथे क्रँक दोनदा फिरल्यावर एकदा स्फोट. टू-स्ट्रोकला तेवढ्याच जागेत दुप्पट वेळा ढकला मिळतो. पण किंमत मोजावी लागते. जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण करतं, आणि ते करताना त्यातलं थोडं न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. वर ऑइलही जळतं. म्हणून तो निळसर धूर, आणि म्हणूनच पेट्रोलची भूक. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह असतात, आत येणं आणि बाहेर जाणं यांचा घोळ फारसा होत नाही. सीडीची जाहिरातच होती: फिल इट, शट इट, फरगेट इट. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. कंपनीचा दावा लिटरला ८० किलोमीटरचा.

आमच्या घरात ही दोन इंजिनं एकाच अंगणात उभी होती. बाबा शाळेत शिक्षक, त्यांनी सीडी घेतली. काका धाकटे, त्यांनी हट्टाने आरएक्स घेतली. बाबा महिन्याचा पेट्रोलचा खर्च वहीत लिहायचे. काका कराड ते सातारा किती मिनिटांत गेलो ते सांगायचे. दोघांचं अजूनही पटत नाही, आणि दोघांचंही बरोबर आहे. १०० सीसीच्या रेषेच्या आत राहून एकतर ॲव्हरेज मिळत होतं, नाहीतर पिकअप. ऑफिसची गाडी वेगळी आणि फिरायची गाडी वेगळी, ही आपल्या डोक्यातली वाटणी तिथे पक्की झाली. आणि आपण फोनवर विचारतो ते दोन प्रश्नही.

पुढे काय झालं? १९९१ नंतर परवान्यांचं राज्य संपलं. मग प्रदूषणाचे नियम आले आणि १९९६ मध्ये ते आणखी कडक झाले. त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. सीडीच्या ९७.२ सीसी इंजिनाला मात्र १९९४ मध्ये नवं अंग मिळालं होतं, त्याचं नाव स्प्लेंडर. आजही तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी असेल, आणि तिच्या कागदपत्रांवर सीसीचा आकडा बघा: ९७.२.

दोन ध्रुव जवळ आणण्याचे प्रयत्न फोर-स्ट्रोकनेच केले. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझी, १५६ सीसीच्या वर. आणि २००१ च्या नोव्हेंबरमध्ये बजाजची पल्सर, १५० आणि १८० सीसी. चाकणला बनलेली. स्कूटर बनवणाऱ्या कंपनीने मोटारसायकलवर लावलेला तो मोठा डाव होता. पल्सरने सांगितलं की सोमवारी ऑफिसला आणि रविवारी महाबळेश्वरला एकच गाडी नेता येते. आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक दिला.

इथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी येतो.

सीडी आणि आरएक्स, दोघींना दोन्ही चाकांवर ड्रम ब्रेक होते. सीडीला ते पुरायचे, कारण ती पळायचीच हळू. शिवाय फोर-स्ट्रोकचा ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं. टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ फार कमी. म्हणजे जी गाडी जास्त जोरात पळायची, तिलाच थांबायला मदत कमी. काकांना विचारलं तर हसून म्हणाले, "आरएक्स निघायची फार सुंदर. थांबवायचं आपल्या जबाबदारीवर."

आणि आपण थांबायला शिकतो कसे? मला गाडी शिकवताना सांगितलं होतं, "पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील." तुम्हालाही हेच सांगितलं असेल. पण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे सरकतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक पटकन जाम होतं. म्हणजे खरं काम पुढच्या ब्रेकचं, आणि आपण दाबतो मागचा. भूमकर चौकात मी नेमकं हेच केलं.

याच्यावरचा उपाय म्हणजे एबीएस. चाकावरचा सेन्सर बघत असतो की चाक जाम होतंय का. झालं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, सेकंदात अनेकदा. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला तरी चाक फिरत राहतं आणि गाडी हातात राहते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या बाईकला एबीएस सक्तीचं झालं. आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना? तिथे कंपनीला पर्याय दिला: एबीएस द्या, किंवा सीबीएस. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. काहीच नसण्यापेक्षा चांगलं, पण चाक जाम होणं ते थांबवत नाही.

बघा, पुन्हा सीसीची रेष. रस्ता तोच, पाऊस तोच, टेम्पो तोच. पण १२४ सीसीवर बसलेल्याचा ब्रेक वेगळा आणि १२६ वर बसलेल्याचा वेगळा.

एकदा या रेषा दिसायला लागल्या की सगळीकडे दिसतात. १५० वर विम्याची रेष आहे: २०२२ च्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६. नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. ३५० वर कराची रेष: सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ३५० पर्यंत १८ टक्के, त्यापुढे ४०. आपण म्हणतो मी गाडी निवडली. अर्धी निवड आधीच कोणीतरी आकडा लिहून केलेली असते.

मग मी काय केलं? वही काढली, बाबांसारखी. महिन्याला ऑफिसचे ७७० किलोमीटर. १६० सीसीची गाडी लिटरला ४५ धरली, १२५ ची ६०. फरक महिन्याला सव्वाचार लिटरचा, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या आसपास. हे काही आयुष्य बदलणारे पैसे नाहीत. पण दुसरा आकडा बघून थांबलो: आजच्या चांगल्या १२५ ची ताकद साधारण ११ हॉर्सपॉवर. म्हणजे काकांच्या आरएक्सची! वजन जास्त असल्याने ती आरएक्ससारखी उसळणार नाही, पण खंबाटकीचा चढ निवांत चढेल. ॲव्हरेज बाबांना चालेल असं. चाळीस वर्षांनी दोन्ही भाऊ एका गाडीत आले.

राहिला ब्रेक. १२५ मध्ये एबीएस सक्तीचं नाही, पण काही कंपन्या महागड्या व्हेरियंटमध्ये देतात, तेही बरेचदा फक्त पुढच्या चाकाला. मी तेच मागितलं. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, साधं मॉडेल आज संध्याकाळी घेऊन जा. एबीएसला पाच-सहा आठवडे वेटिंग आहे. आणि सिटीत काय करायचंय एबीएस?"

गाडीचं नाव सांगत नाही, ही जाहिरात नाही. तुमचा हायवे जास्त असेल, मागे रोज कोणी बसणार असेल, तर १५०-१६० घ्या, तिथे एबीएस सोबतच येतं. सेकंडहँड घेत असाल आणि १२५ च्या वरची बघत असाल, तर एप्रिल २०१९ नंतरचीच बघा, आणि पुढच्या चाकाशी वाकून एबीएसची दातेरी रिंग खरंच आहे ना ते तपासा. १२५ घेत असाल तर व्हेरियंटचं पूर्ण नाव बिलावर वाचा. आणि कुठलीही घेतलीत तरी रिकाम्या मैदानात जाऊन पुढचा ब्रेक मारायला शिका, हळूहळू दाब वाढवत. एबीएस चूक सांभाळतं, सवय लावत नाही.

मी बुकिंगचे पैसे भरले आणि बाबांना फोन केला. म्हटलं, "पाच आठवडे थांबावं लागेल."

बाबा म्हणाले, "आजोबा सात वर्षं थांबले होते. तू ब्रेकसाठी पाच आठवडे थांब."

पंधरा दिवस झालेत. अजून बसनेच जातोय, हा एपिसोडसुद्धा बसमध्येच लिहिलाय. तुमच्या घरी पहिली गाडी कोणती होती आणि ती घेताना पहिला प्रश्न कोणी कोणता विचारला, हे व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटू पुढच्या रविवारी. हेल्मेटचा पट्टा लावा.