गाडी ऑइल खातेय? इंजिन उघडण्याआधी धूर कधी येतो ते बघा

सर्व्हिसिंगला दोन महिनेही झाले नाहीत आणि डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेला टेकलंय. मेकॅनिक म्हणतो, “गाडी ऑइल खातेय, इंजिनचं काम काढावं लागेल.” तो बरोबर असूही शकतो, पण हा सगळ्यात महागडा उपाय आहे. त्याआधी काही गोष्टी तपासता येतात.

थोडंफार ऑइल प्रत्येक इंजिन जाळतं. काही कंपन्या तर १००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटर खपही चालेल असं म्हणतात (मालकाला ते पटणं कठीणच!). त्यामुळे आधी मोजा. गाडी सपाट जागी लावा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. १००० किलोमीटरनंतर पुन्हा तिथपर्यंत भरायला किती लागलं, तो तुमचा खप. खुणेच्या वर मात्र भरू नका, जास्तीच्या ऑइलनेही खप वाढतो.

मग गळती बघा. जमीन कोरडी असली तरी टॅपेट कव्हर, फिल्टर आणि ड्रेन नट तपासा. गरम सायलेन्सर पाइपवर पडलेलं ऑइल तिथेच जळून जातं, फक्त वास येतो.

गळती नसेल, तर ऑइल आत जळतंय. त्याचा धूर निळसर असतो आणि तो कधी येतो यात खरी गोम आहे. सकाळी स्टार्ट करताच एक झोत येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. रात्रभर झिरपलेलं ऑइल तेव्हा जळतं. कसारा घाट अॅक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली पुन्हा दाबताच मागे निळा लोट दिसला, तरी पहिला संशय तिथेच. पण चढावर, जोर लावताना सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या किंवा कार्बनने अडकल्या असण्याची शक्यता जास्त. टर्बो गाडीत टर्बोचं सीलही बघावं लागतं. आणि धूर दिसत नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं नाही. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो बराच लपवतो.

मेकॅनिकला पीसीव्ही व्हॉल्व्ह आधी तपासायला सांगा. इंजिनातली वाफ बाहेर काढणारा हा छोटा, स्वस्त भाग अडकला तरी ऑइल जळतं. त्यानंतर कम्प्रेशन टेस्ट. आकडा कमी आला आणि सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकल्यावर वाढला, तर दोष रिंगचा. व्हॉल्व्ह सील अनेक इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात. रिंगसाठी मात्र इंजिन उघडावंच लागतं. अमेरिकेत २००७ ते २००९ च्या काही कॅमरी गाड्यांत टोयोटाने आधी खप मोजला. सुमारे १९०० किलोमीटरला जवळपास एक लिटरपेक्षा जास्त ऑइल गेलं, तर पिस्टन आणि रिंग बदलून दिल्या.

दुरुस्ती होईपर्यंत दर आठवड्याला डिपस्टिक बघा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो बहुतेक गाड्यांत ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो. पेटलाच तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तसंच पुढे दामटलं तर इंजिन जाम होऊ शकतं.