लशीचा भाव कोणी ठरवायचा?

चांदूर बाजारच्या पेठेत संत्री घेऊन आलेला कास्तकार आणि त्याच गावात मजुरीच्या शोधात उभा असलेला शेतमजूर, दोघांनाही एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. मालाचा भाव व्यापारी ठरवतो आणि श्रमाचा भाव मालक. हेच दोघे औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक होतात, तेव्हाही भाव त्यांच्या हाती नसतो. या रिवाजाला नकार देणारी एक घटना महाराष्ट्रातच आकाराला आली. तिचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. तान्ही बाळे, शाळकरी मुले, वयात येणारी पोरे या रोगाला विशेष बळी पडतात. ताप चढतो, मान ताठरते, शुद्ध हरपते. कधी एका दिवसात सारे संपते. वाचलेल्यांपैकी काही जन्मभर बहिरे होतात. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या महिन्यांत या रोगाच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत सुमारे अडीच लाख माणसे आजारी पडली, पंचवीस हजार मेली. जुनी लस दोन वर्षांखालील बाळांना फारशी उपयोगी नव्हती आणि मोठ्यांतही तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरे.

अधिक चांगली लस करण्याची विद्या जगात नव्हती काय? होती. १९९९ मध्ये ब्रिटनने आपल्या बाळांना आणि किशोरांना 'सी' प्रकाराच्या मेनिंजायटिसची नव्या पद्धतीची लस दिली. आफ्रिकेतले मृत्यू मुख्यतः 'ए' प्रकाराचे होते. रोग होता, विद्या होती. पैसे मोजणारे गिऱ्हाईक तेवढे नव्हते.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या पैशावर प्रकल्प उभारला. तेव्हा आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनी आधी किंमत सांगितली: एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी. आम्हाला परवडणार नाही ती लस आमच्या काय कामाची, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी बोलणी फिसकटली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने हे काम पत्करले. तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आले. जंतूच्या कवचातील साखर धनुर्वाताच्या लशीतील प्रथिनाला जोडली, म्हणजे शरीर त्या जंतूची ओळख दीर्घकाळ राखते.

६ डिसेंबर २०१०. आपले लोक चैत्यभूमीच्या रांगेत उभे होते, त्याच दिवशी बुर्किना फासोत या लशीची देशव्यापी मोहीम सुरू झाली. १ ते २९ वर्षांच्या साऱ्यांना ती टोचली गेली. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकाराचा एकही खात्रीचा रुग्ण नोंदला गेलेला नाही.

यासाठी कारखानदाराची आरती ओवाळण्याचे कारण नाही. ज्यांच्या मुलांचे मरण गृहीत धरले होते त्यांनी किंमत आधी सांगितली, विज्ञानाला त्या किमतीत बसावे लागले, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

आपल्याकडे काय घडले? मेनिंजायटिस आणणाऱ्या 'हिब' जंतूची लस अमेरिकेत तान्ह्या बाळांना १९९० पासून मिळू लागली. भारतात सरकारी कार्यक्रमात ती प्रथम डिसेंबर २०११ मध्ये, केरळ व तमिळनाडूत आली. महाराष्ट्राला आणखी थांबावे लागले. या वीस वर्षांत ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी ती खाजगी दवाखान्यात विकत घेतली. आज सरकारी केंद्रात जन्मतः बीसीजी मिळते. क्षयाच्या जंतूने होणाऱ्या मेनिंजायटिसपासून ती बाळाला वाचवते. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला 'हिब'ची लस मिळते, न्यूमोनियाच्या जंतूवरचीही मिळते. हे सारे मोफत आहे. हा दयाधर्म नव्हे, हक्क आहे.

पण वीटभट्टीवर गेलेल्या आईचे बाळ चौदाव्या आठवड्याला कुठे असते? त्याचे कार्ड गावी, ते स्वतः भट्टीवर. वस्तीतल्या कार्यकर्त्याने, शिक्षकाने, विद्यार्थ्याने अशा बाळांची यादी करावी आणि ती घेऊन उपकेंद्राच्या दारात उभे राहावे. आफ्रिकेने भाव सांगितला. आपण निदान आपली मुले मोजली पाहिजेत.