माथेरानमधील उन्हाळी भ्रमंती

माथेरान हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले गिरिस्थान आहे. 'माथ्यावरील रान' असा त्याच्या नावाचा अर्थ सांगितला जातो. पर्यटकांच्या मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे प्रवेश नाही. त्यामुळे उन्हाळ्यात येथे येणाऱ्या पर्यटकांची भ्रमंती मुख्यतः पायी, घोड्यावरून वा मिनी ट्रेनमधून होते.

पार्श्वभूमी

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये हे ठिकाण शोधून काढले. पायथ्याच्या चौक गावाकडून ते वन ट्री हिलच्या वाटेने वर चढले आणि रामबागच्या वाटेने खाली उतरले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत येथे वस्ती व रस्ते आकारास आले. मॅलेट यांनी वापरलेल्या दोन्ही वाटांनी गिर्यारोहक आजही माथेरान गाठतात.

हंगाम

मार्च ते जूनच्या आरंभापर्यंतचा काळ हा उन्हाळी हंगाम असून शाळांना सुट्टी असल्याने मे महिन्यात सर्वाधिक गर्दी होते. दुपारी ऊन कडक असले तरी दाट झाडीमुळे रस्त्यांवर सावली असते आणि संध्याकाळी हवा सुखद होते. जून महिन्यात पाऊस सुरू झाल्यावर कड्यांवरील वाटा निसरड्या होतात.

पायी भ्रमंती

दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठ सुमारे अडीच ते तीन किलोमीटर अंतरावर आहे. डोंगराच्या कडेची दृश्यस्थळे 'पॉईंट' या नावाने ओळखली जातात. सूर्योदय पाहण्यासाठी उत्तरेकडील पॅनोरमा पॉईंट, तर सूर्यास्तासाठी पश्चिमेकडील पॉर्क्युपाइन पॉईंट प्रसिद्ध आहे. लुईझा पॉईंटवरून प्रबळगडाचे दर्शन घडते. एको, अलेक्झांडर, खंडाळा, चौक व गार्बेट हे अन्य परिचित पॉईंट होत. गावाला पाणी पुरविणारा शार्लोट तलाव आणि त्याच्या काठचे ग्रामदैवत पिसरनाथाचे मंदिर ही दोन्ही स्थळे पायी फिरण्याच्या नेहमीच्या मार्गावर आहेत.

मिनी ट्रेन

सर आदमजी पीरभॉय यांच्या अर्थसाहाय्याने त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ–माथेरान लोहमार्ग उभारला. दोन फूट रुंदीच्या या मार्गाचे काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९०७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गावर जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही स्थानके लागतात. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत व पुन्हा २०१९ मध्ये मार्गाची मोठी हानी झाली होती. दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासूनची सेवा पूर्ववत झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही सेवा बंद ठेवली जात असल्याने संपूर्ण घाटप्रवासासाठी उन्हाळा व हिवाळा हेच सोयीचे ऋतू ठरतात.

घोडेस्वारी व गिरिभ्रमण

घोडेस्वारी हा येथील जुना व्यवसाय आहे. घोडेवाले पर्यटकांना ठरावीक पॉईंटांची फेरी घडवतात. घोड्यांवरून सामानाचीही वाहतूक होते. हनिमून पॉईंटजवळ दोराच्या साहाय्याने दरी ओलांडण्याचा साहसी खेळ चालतो. गिर्यारोहकांसाठी धोदाणीहून सनसेट पॉईंट, भिवपुरीच्या बाजूने गार्बेट आणि माथेरानहून पेब ऊर्फ विकटगड या वाटा आहेत. उन्हाळ्यात या वाटांवर पाणी दुर्मीळ असते. त्यामुळे पहाटे चढाईस आरंभ करणे व पुरेसे पाणी सोबत बाळगणे आवश्यक असते.

निसर्ग

येथील निमसदाहरित वनात जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा हे वृक्ष आढळतात. शेकरू, वानर व माकडे सहज दिसतात. माकडांना खाऊ घातल्याने ती पर्यटकांच्या हातातील पिशव्या हिसकावू लागतात. मे महिन्यात करवंदे व जांभळे पिकतात आणि परिसरातील आदिवासी स्त्रिया ती विकण्यास आणतात.

संवर्धन व श्रमिकांचा प्रश्न

केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. तांबड्या मातीचे रस्ते हे माथेरानचे वैशिष्ट्य असले, तरी उन्हाळ्यात त्यांवर धूळ उडते आणि पावसात माती वाहून जाते. त्यामुळे रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रश्न वादाचा ठरला.

वाहनबंदीमुळे हवा शुद्ध राहिली, मात्र वृद्ध, रुग्ण व सामान यांचा भार दीर्घकाळ हातरिक्षा ओढणाऱ्या श्रमिकांवर पडला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा अमानवी ठरवली. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून रिक्षाचालकांचे पुनर्वसन करण्याचे निर्देश न्यायालयाने राज्य शासनास दिले. दस्तुरी नाका ते छत्रपती शिवाजी महाराज पुतळा या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉक राहू देण्यात आले, परंतु अंतर्गत रस्ते व गिरिभ्रमणाच्या वाटांवर ते बसवण्यास मनाई करण्यात आली.