गंगाजळी

मराठी भाषेत ‘गंगाजळी’ हा शब्द दोन घरी नांदतो. एक घर देवघराचे. काशीयात्रेहून परतणारा यात्रेकरू गंगोदकाने भरलेली, तोंड बंद केलेली तांब्याची लहानशी लोटी बरोबर आणी; ती देवापाशी ठेवली जाई आणि घरातील कोणाचा अंतकाळ समीप आला म्हणजेच बहुधा उघडली जाई. दुसरे घर जमाखर्चाचे. एखाद्या संस्थेने, पेढीने किंवा सरकारने अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या, एरवी हात न लावण्याच्या शिलकेलाही आपण गंगाजळीच म्हणतो. दोन्ही अर्थांचे मर्म एकच: जे जवळ आहे, परंतु सहजासहजी खर्चावयाचे नाही, ते. परदेशाच्या पहिल्या प्रवासाची आखणी माणसे कशी करीत आली, हे पाहू गेल्यास या शब्दाचे दोन्ही अर्थ पदोपदी भेटतात. आणि त्या इतिहासातील सर्वांत ठसठशीत उदाहरण जयपूर शहरात आजही उभे आहे.

जयपूरच्या राजवाड्यात सर्वतोभद्र नावाच्या सभास्थानी चांदीचे दोन प्रचंड कुंभ ठेवलेले आहेत. उंची सुमारे ५ फूट ३ इंच आणि प्रत्येकाचे वजन सुमारे ३४५ किलो. चांदीच्या सर्वांत मोठ्या वस्तू म्हणून त्यांची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथात झाली असून, प्रत्येकाची धारणशक्ती तेथे ४,००० लिटरहून अधिक दिलेली आहे. एकेका कुंभासाठी १४,००० झाडशाही रुपये, म्हणजे जयपूर संस्थानाचे झाडाच्या फांदीचे चिन्ह असलेले नाणे, वितळविण्यात आले, असे राजवाड्यात सांगितले जाते. या कुंभांचे नाव गंगाजळी. राजस्थानातील या राजवाड्यापुढे उभा राहणारा मराठी प्रवासी ते नाव ऐकून क्षणभर थबकतो, कारण येथे शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच भांड्यात ओतलेले आहेत.

हे कुंभ परदेशी गेले ते १९०२ साली. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणाचा सोहळा त्या वर्षीच्या २६ जूनला व्हावयाचा होता आणि हिंदुस्थानातील निवडक संस्थानिकांना त्यासाठी बोलावणे आले होते. जयपूरच्या गादीवर त्या वेळी सवाई माधोसिंह दुसरे होते. जन्माने ते इसरदा येथील ठिकाणेदाराच्या घरचे. गादीवर दत्तक येण्यापूर्वी त्यांनी हलाखीचे दिवस काढले होते आणि टोंक संस्थानात साधी चाकरी केली होती, असे सांगतात. १८८० साली ते राजे झाले. आचारधर्माच्या बाबतीत त्यांची निष्ठा कडवी होती आणि समुद्रपर्यटन तर आचारधर्माला मान्य नव्हते.

हा निषेध नवा नव्हता. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केलेली आहे. महाराष्ट्राला तर या प्रश्नाची झळ फार आधी लागली होती. रघुनाथराव पेशव्यांनी १७८१ च्या सुमारास हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलास इंग्लंडला पाठविले. तेथे एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाने त्यांना आपल्या गावच्या घरी आश्रय दिला आणि स्वयंपाक व पूजाअर्चा यांसाठी बागेतील काचगृह मोकळे करून दिले. हे वकील स्वदेशी परतल्यावर त्यांच्यावर बहिष्कार पडला, आणि सोन्याच्या योनिप्रतिमेतून बाहेर पडून, म्हणजे प्रतीकरूपाने पुन्हा जन्म घेऊन, तसेच ब्राह्मणांना दाने देऊन त्यांना शुद्ध व्हावे लागले, असे विल्फर्ड या इंग्रज अभ्यासकाने नमूद केले आहे. परदेशगमनाचा खर्च जहाजाच्या भाड्यावर संपत नाही, परतल्यानंतरही त्याची वसुली होते, हे त्या काळच्या माणसाला पक्के ठाऊक होते.

माधोसिंहांपुढे तीन वाटा होत्या. निमंत्रण नाकारावे, तर सार्वभौम सत्तेची इतराजी. जाऊन यावे आणि प्रायश्चित्त घ्यावे, तर नियमभंग आधी आणि त्याचे परिमार्जन मागाहून. त्यांनी तिसरी वाट धरली: घर सोडून जावयाचे नाही, घरच बरोबर न्यावयाचे. त्यासाठी अँकर कंपनीचे ‘ऑलिम्पिया’ हे नवे कोरे जहाज भाड्याने घेण्यात आले. जहाजावर गोपाळजींच्या मूर्तीसाठी देवघर झाले. स्वयंपाकाची व्यवस्था आपल्या माणसांच्या हाती ठेवण्यात आली आणि गंगाजळाने भरलेले कुंभ चढविण्यात आले. १९०२ च्या मे महिन्यात मुंबईहून जहाज निघाले, तेव्हा समुद्राची पूजा करून त्याला सोने, रुपे आणि रेशीम अर्पण करण्यात आले, असे वर्णन आहे. तांबड्या समुद्रात वादळ झाले असता एक कुंभही सागराच्या स्वाधीन करण्यात आला, अशी आख्यायिका आहे. लंडनला पोहोचल्यावर गोपाळजींचे वाहन पुढे आणि महाराज मागे, अशी मिरवणूक तेथील लोकांनी पाहिली. महाराजांचा मुक्काम केन्सिंग्टन भागातील मोरे लॉज या वास्तूत होता.

वरवर पाहता हा प्रवास उधळपट्टीचा नमुना वाटतो. परंतु आखणीच्या दृष्टीने पाहिले तर एका गोष्टीत तो अत्यंत काटकसरीचा होता. द्रव्य हवे तितके मिळाले असते. पाणी मिळाले नसते. टेम्स नदीच्या काठी गंगा विकत मिळत नाही. म्हणून जे बरोबर नेले तेवढ्यातच निभाव लावणे प्राप्त होते. एका कुंभात ४,००० लिटर पाणी धरले आणि रोजचा खर्च २० लिटर मानला, तर एक कुंभ २०० दिवस पुरतो. हा हिशेब केवळ कल्पनेने मांडलेला आहे. तथापि असा काहीतरी हिशेब जयपूरच्या कारभाऱ्यांना करावाच लागला असणार. आणि त्या हिशेबाची कसोटीही लागली. सोहळ्याला दोनच दिवस उरले असताना, २४ जूनला, राजा एडवर्डवर पोटातील विकारासाठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा पुढे ढकलला गेला. तो ९ ऑगस्टला झाला. मुक्काम ४४ दिवसांनी लांबला. वीस लिटरांचे तेच प्रमाण धरल्यास ८८० लिटर पाण्याची ही वाढीव गरज होय. ज्याने नेमके लागेल तेवढेच पाणी बरोबर घेतले असते, त्याचा नियम त्या जुलै महिन्यात मोडला असता. हाताशी राखीव असणे म्हणजे काय, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

मात्र या चांदीची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. प्रवासाच्या दोनच वर्षे आधी, १८९९–१९०० मध्ये, राजपुतान्यावर भीषण दुष्काळ कोसळला होता. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून लोक त्याला ‘छपनिया’ म्हणत. गुरे आणि माणसे त्यात हजारोंनी मेली. याच माधोसिंहांनी १९०० साली १५ लाख रुपये देऊन दुष्काळनिवारणाचा अखिल भारतीय निधी उभा करून दिला, हे त्यांच्या श्रेयाच्या बाजूस मांडावयास हवे. परंतु खजिना शेवटी रयतेचाच होता. अन्नाची ददात सोसलेल्या प्रदेशाच्या राजाने एका प्रवासासाठी अख्खे जहाज भाड्याने घेतले, हेही त्याच खातेवहीत नोंदले जाते. इतिहासाने यातील एक पान फाडून दुसरे तेवढे दाखवू नये.

राजाच्या प्रवासात द्रव्याची चिंता नव्हती. ज्याची मिळकत बेताची, त्याने दूरदेशीचे नवल पाहण्यास निघावे तरी कसे? याचे एक उत्तर त्याच लंडन शहरात अर्धशतकापूर्वी मिळाले होते. १८५१ साली तेथे स्फटिकप्रासादात जगातील पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. २६ मेपासून ठरावीक दिवशी प्रवेशमूल्य एक शिलिंग करण्यात आले आणि गर्दीचे स्वरूप पालटले. इंग्लंडातील गिरणीकामगारांनी गावोगाव मंडळे काढून दर आठवड्याला थोडे थोडे पेन्स जमविले आणि साठलेल्या रकमेतून लंडनची वारी केली. टॉमस कुक यांनी या प्रदर्शनाला दीड लाखाहून अधिक माणसे आगगाडीने नेली. रेल्वे कंपन्यांची चढाओढ लागली, तेव्हा १५ शिलिंगांचे परतीचे भाडे ५ शिलिंगांवर आले. कामगाराची आठवड्याची ती वर्गणी हीच त्याची गंगाजळी. चांदीचा कुंभ आणि मंडळाची पेटी यांत जमीनअस्मानाचे अंतर खरे. पण दोहोंच्या मागचा विचार एकच होता, की निघण्यापूर्वी साठवावे आणि साठविलेल्याला वाटेत मोह पडू देऊ नये.

अशा प्रदर्शनांतूनच पुढे मौजेच्या उद्यानांची कल्पना वाढीस लागली. १८८६ साली लंडनमध्ये वसाहती व हिंदुस्थान यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा जयपूरचे महाराज जाण्याच्या सोळा वर्षे आधी जयपूरचा एक दरवाजा तेथे पोहोचला होता. स्विंटन जेकब आणि टॉमस हेंडली यांनी आखलेली ती लाकडी कमान राजस्थानी कारागिरांनी कोरली होती. आज ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह गावच्या संग्रहालयाबाहेर उभी आहे. पैसे देऊन आत शिरावे आणि एका आवारात परका मुलूख पाहून यावे, हा अनुभव लाखो लंडनवासीयांनी तेव्हा घेतला. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत उघडलेल्या डिस्नेलँडचे नाते काही अंशी या परंपरेशी पोहोचते.

द्रव्य आणि आचार या दोन्ही बाजूंनी ज्यांची कोंडी होती, अशांचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. वैद्यक शिकण्यासाठी आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. म्हणजे पुंजी ती किती असणार? त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी भाषण करून आपण का जात आहोत हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असा निर्धार प्रकट केला. काही देणग्या आल्या, काही दागिने मोडावे लागले. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. परंतु प्रकृती ढासळत गेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, त्यांचा अंत झाला. माधोसिंहांप्रमाणे त्यांनीही घर बरोबर नेले होते, पण ते वाहण्यास त्यांच्यापाशी जहाज नव्हते. स्वतःचे शरीर तेवढे होते. राखीव काहीच नसले म्हणजे माणूस स्वतःलाच खर्ची घालतो, हा या कहाणीचा जड अर्थ आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाने वेगळे रूप धारण केले. आचाराची बंधने सैल झाली, पण देशाचीच परकीय चलनाची गंगाजळी तुटपुंजी होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी निघालेल्या सामान्य प्रवाशाला अवघे ८ डॉलर बरोबर नेण्याची मुभा असे. घरी पैसा असूनही प्रवासी दरिद्री, अशी ती अवस्था होती. १९९१ साली तर ही गंगाजळी इतकी आटली, की रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. त्या जुलैत सोने विमानांनी देशाबाहेर गेले. जयपूरची गंगाजळी लंडनला गेली होती ती मान राखण्यासाठी. देशाची गेली ती पत राखण्यासाठी. पुढे दिवस पालटले. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मोकळीक दिली आणि नंतर ही मर्यादा कितीतरी वाढली.

म्हणून आज जयपूरचे काय किंवा नागपूरचे काय, एखादे मध्यमवर्गीय कुटुंब मुलांना हाँगकाँगचे किंवा पॅरिसचे डिस्नेलँड दाखविण्याचा बेत आखू लागते, तेव्हा त्याला धर्मशास्त्र आडवे येत नाही आणि सरकारही येत नाही. आडवी येते ती मिळकत. पारपत्र, परवाना, विमानभाडे, निवास, प्रवेशपत्रे असे आकडे कागदावर एकाखाली एक उतरतात. आई पिशवीत मेतकूट, भाजणी आणि लाडू भरते. तेवढाच परक्या गावचा एका वेळचा जेवणखर्च वाचतो आणि घरची चवही सुटत नाही. हा जुनाच रिवाज आहे. आकार लहान झाला, इतकेच.

या दीर्घ इतिहासातून पहिल्या प्रवासाला निघणाऱ्याने घ्यावयाचे ते एवढेच. बहुतेक याद्या ‘काय काय पाहावयाचे’ यापासून सुरू होतात आणि पैसे संपले म्हणजे थांबतात. जयपूरच्या कारभाऱ्यांनी यादी उलट बाजूने लिहिली: काय सोडावयाचे नाही आणि दिवस लांबले तर काय उरले पाहिजे, हे त्यांनी आधी ठरविले आणि मग जहाज पाहिले. परगावी मूल आजारी पडते, विमान चुकते, राजाचा सोहळादेखील ४४ दिवस पुढे जातो. त्यासाठीची रक्कम प्रवासखर्चात न मिळविता बाजूला ठेवावी. ती घटत असेल तर प्रेक्षणीय स्थळांतील एखादे गाळावे, नाहीतर प्रवास एक वर्ष पुढे ढकलावा. तीनशेपंचेचाळीस किलो चांदी सर्वांपाशी नसते. परंतु देवघरातली ती तांब्याची लहानशी लोटी पुष्कळांच्या घरी असे, आणि ती वेळेआधी उघडावयाची नाही हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे.